पोंते व्हेक्यो: दुकानांच्या भाड्यावर जगलेला फ्लोरेन्सचा दगडी पूल

कृष्णाकाठ

फ्लोरेन्सच्या पोंते व्हेक्योवर मराठीत जे वाचायला मिळतं ते बहुतेक प्रवासवर्णनातलं असतं. संध्याकाळचं ऊन, सोन्याची दुकानं, नदीत पडलेलं प्रतिबिंब. पुलावर दुकानं आली कशी, त्यांचं भाडं कोण घ्यायचं, खाटकांना हाकलून सोनार का आणले, याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. म्हणून हा धागा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. ही दुकानं पुलावर नंतर कुणी अतिक्रमण करून थाटलेली नाहीत. आज उभा असलेला पूल १३४५ साली पुरा झाला, तेव्हापासूनच दुकानं त्याच्या बांधणीचा भाग होती. मालकी नगरराज्याची आणि भाडं नगरराज्याच्या तिजोरीत. मधला थोडा भाग मोकळा, त्याच्या दोन्ही अंगांना दुकानांच्या एकसारख्या दगडी रांगा. आज ज्या वेड्यावाकड्या, पिवळ्या-तांबूस खोल्या नदीवर लोंबकळताना दिसतात त्या मागाहूनच्या. मूळचा पूल चांगलाच शिस्तीचा होता.

या जागी पूल त्याच्याही कितीतरी आधीपासून होता. ९९६ सालच्या एका कागदात त्याचा पहिला उल्लेख सापडतो. १११७ च्या पुरात तो गेला, पुन्हा बांधला. मग ४ नोव्हेंबर १३३३ ला अर्नोला जो पूर आला त्यात नदीपात्रातले दोन खांब सोडून सगळा पूल वाहून गेला. त्या काळचा फ्लोरेन्सचा इतिहासकार जोव्हानी व्हिल्लानी याने हा पूर स्वतः पाहून लिहून ठेवला आहे. पुढे बारा वर्षांनी नवा पूल तयार झाला. हे सगळं पुलावरच कोरून ठेवलंय. तेहतीस साली पाण्याच्या लोंढ्याने पूल पडला आणि बारा वर्षांनी, नगराच्या मर्जीप्रमाणे, या सजावटीसह पुन्हा उभा केला, अशा अर्थाच्या चार ओळी तिथे आहेत. नगराच्या मर्जीप्रमाणे! राजाचं नाव नाही, बिशपचं नाही, कारागिराचंही नाही. मला त्या चार ओळी फार आवडतात.

पूल कोणी बांधला याचं उत्तर त्यामुळेच वादात आहे. सोळाव्या शतकात चित्रकार-वास्तुकार व्हासारीने चित्रकार जोत्तोचा शिष्य ताद्देओ गाद्दी याचं नाव लिहिलं. अलीकडचे अभ्यासक नेरी दी फिओराव्हांतेकडे झुकतात. माझा कल नेरीकडे आहे, कारण व्हासारीने हे लिहिलं तेव्हा पुलाला दोनशे वर्षं होऊन गेली होती.

---

बखरीचं_पान

उत्तम विषय घेतलात. जुन्या पुलाबद्दल थोडी भर घालतो.

१३३३ च्या आधी पुलाच्या तोंडाशी एक भग्न पुतळा होता. लोक तो मंगळाचा, म्हणजे रोमन युद्धदेवतेचा मानत. ख्रिस्ती होण्याआधी हा देव शहराचा रक्षक होता, त्यामुळे तो रागावेल ही भीती लोकांच्या मनातून गेली नव्हती. १२१६ च्या ईस्टरच्या सकाळी याच पुतळ्याच्या पायाशी बुओंदेलमोंते या तरुण सरदाराचा खून झाला. आमिदेई घराण्यातल्या मुलीशी ठरलेलं लग्न मोडून त्याने दोनाती घराण्यातली मुलगी केली होती. फ्लोरेन्समधल्या ग्वेल्फ आणि गिबेलिन या दोन तटांच्या पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या वैराची सुरुवात तिथले लोक या खुनापासून मोजत. वैराची मुळं त्याहून खोल होती, पण लोकस्मृतीला एक जागा आणि एक दिवस लागतो.

दान्तेने आपल्या महाकाव्यात या पुतळ्याचा आणि खुनाचा उल्लेख केलाय. पण दान्ते वारला १३२१ साली. आजचा पूल त्याच्या डोळ्यांसमोर नव्हताच. त्याने पाहिला तो पुरात गेलेला पूल, आणि तो मंगळाचा पुतळाही त्याच पुरात अर्नोत गेला. पुलावर दान्तेच्या ओळींची पाटी लावलेली आहे, ती वाचताना हे लक्षात असू द्यावं.

---

पाटबंधारे_निवृत्त

आयुष्य पूल आणि बंधाऱ्यांवर गेलं, त्यामुळे दुकानांआधी माझी नजर कमानींवर जाते.

पुलाला तीनच कमानी आहेत. मधली साधारण ३० मीटर गाळ्याची (गाळा म्हणजे कमानीच्या दोन टेकांमधलं अंतर), बाजूच्या दोन २७ मीटरच्या आसपास. उंची मात्र कमानीच्या टेकापासून साडेतीन ते साडेचार मीटर. पूर्ण अर्धवर्तुळाची कमान ३० मीटर गाळ्यावर घ्यायची तर ती १५ मीटर चढली असती. म्हणजे रस्ता टेकडीसारखा झाला असता, भरलेली बैलगाडी चढली नसती आणि दुकानं मांडायला सपाट जागाही मिळाली नसती. दुसरा उपाय म्हणजे गाळे लहान करून खांब वाढवायचे. पण खांब वाढले की पुराच्या पाण्याला वाट कमी, आणि वाहून आलेली झाडं अडकायला जागा जास्त. १३३३ चा अनुभव ताजा असताना हे कुणालाच नको होतं. म्हणून वर्तुळाचा छोटा तुकडा घेऊन पसरट कमान टाकली. रोमन लोकांनी अशा कमानी वापरल्या होत्या, पण मध्ययुगीन युरोपात एवढ्या मोठ्या गाळ्यावर हे धाडस पहिल्यांदा इथे झालं असं मानतात.

पसरट कमानीत मोठी अडचण आडव्या रेट्याची. कमान जितकी चपटी तितकी ती दोन्ही टोकांना जोराने बाहेर ढकलते. काठावरचे पाये इंचभर सरकले तरी माथ्यावर भेग पडणार. इथे सातशे वर्षांच्या जवळपास ते पाये जागचे हललेले नाहीत. माझ्या लेखी या पुलाचं खरं वैभव मातीखाली आहे, जिथे कुणी फोटो काढत नाही.

आणि हो, दुकानांचं ओझं पुलाला नेहमी घातकच असतं असं नाही. दगडी कमान दाबावर जगते. वर वजन असलं की दगड एकमेकांवर घट्ट बसतात. पाणी कमानीच्या माथ्याला टेकून वर उचलायला लागतं तेव्हा ते वजन कामी येतं.

---

मृण्मयी_क

काका, फार छान समजावून सांगितलंत.

कृष्णाकाठ, एक प्रश्न. मी तिथे गेले होते तेव्हा गाइडने सांगितलं की आधी इथे खाटीक होते आणि वासामुळे त्यांना काढलं. मग मुळात पुलावर खाटीक बसवले कुणी? आणि सोनारच का?

---

कृष्णाकाठ

मृण्मयीताई, तिथेच तर सगळी गंमत आहे.

सुरुवातीला पुलावर सगळ्या प्रकारचे दुकानदार होते. १४४२ मध्ये शहराच्या कारभाऱ्यांनी खाटकांना पुलावर हलवलं. हाडं, आतडी, रक्त हे सगळं गल्लीत साठण्याऐवजी थेट नदीत जावं आणि वस्तीतली घाण कमी व्हावी हा हेतू. त्या काळच्या समजुतीप्रमाणे ती स्वच्छतेची योजना होती. खालच्या अंगाला राहणाऱ्यांना काय वाटलं असेल ते सोडा.

मग १४९५ मध्ये नगरराज्याने ही दुकानं खाजगी लोकांना विकली. शहरावर सत्ता गाजवणाऱ्या मेदिची घराण्याला आदल्याच वर्षी हाकललेलं, पैशांची चणचण. पुलाच्या रूपाला खरी कलाटणी मिळाली ती इथे. भाडेकरू होता तोवर दुकानदार भिंत फोडत नव्हता. मालक झाल्यावर त्याला जागा अपुरी वाटायला लागली. पुढे रस्ता, मागे नदी, मग वाढायचं कुठे? तर मागे, हवेत. भिंतीतून लाकडी तिरके टेकू काढून त्यावर मागच्या खोल्या बांधल्या. आज आपण ज्याचे फोटो काढतो तो पुलाचा चेहरा म्हणजे खाजगी मालकांनी वाढवलेल्या या मागच्या खोल्या. एकसारख्या दगडी रांगांचा तो शिस्तीचा पूल त्यांच्याखाली झाकला गेला.

१५६५ मध्ये आणखी एक मजला चढला. तोवर मेदिची परत सत्तेवर आले होते. ड्यूक कोझिमो मेदिचीच्या मुलाचं, फ्रांचेस्कोचं, ऑस्ट्रियाच्या राजकन्येशी लग्न ठरलं होतं. कोझिमोला कचेरीच्या राजवाड्यापासून नदीपलीकडच्या पित्ती राजवाड्यापर्यंत रस्त्यावर न उतरता जायचं होतं. व्हासारीने पाच महिन्यांत जवळपास एक किलोमीटरचा बंद मार्ग बांधून दिला. तो पुलावरून, पूर्वेकडच्या दुकानांच्या डोक्यावरून जातो. पुलाच्या दक्षिण टोकाला मान्नेल्ली घराण्याचा बुरूज होता. त्यांनी तो पाडू दिला नाही. ड्यूक असूनही कोझिमोने जबरदस्ती केली नाही, मार्ग बुरुजाला वळसा घालून नेला. आजही खालून बघितलं की बुरुजाभोवती टेकूंवर वळलेला तो मार्ग दिसतो. पुलावर माझं सगळ्यात लाडकं ठिकाण तेच.

आता सोनार. राजघराणं वरून ये-जा करणार आणि खाली खाटकांची दुकानं. १५९३ मध्ये कोझिमोचा धाकटा मुलगा, तेव्हाचा राज्यकर्ता फेर्दिनांदो पहिला याने हुकूम काढून खाटीक, भाजीवाले वगैरेंना पुलावरून काढलं आणि जागा सोनारांना राखून ठेवली. वासाचं कारण खरंच आहे, पण सगळी गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. सोनाराला जागा कमी लागते, त्याचा कचरा नदीत जात नाही (कचऱ्यातही सोनं असतं, तो कशाला टाकेल) आणि तो भाडं जास्त देऊ शकतो. शहराचं सगळ्यात झगमगीत दुकान राजाच्या वाटेखाली आलं, पाहुण्यांवर छाप पडली. तो नियम चारशे वर्षांहून जास्त टिकलाय.

रात्री गेलात तर दुकानांची लाकडी झाकणं बघा. जाड फळ्या, लोखंडी पट्ट्या, मोठाले खिळे. बंद झाल्यावर अख्खा पूल पेट्यांची रांग वाटतो.

---

थेम्सकिनारी

लेख आणि प्रतिसाद दोन्ही वाचनीय. पण हा पूल एकमेव होता असा वाचकांचा समज होऊ नये. मध्ययुगात दुकानं-घरं असलेले पूल युरोपभर होते. लंडनचा जुना दगडी पूल ११७६ ते १२०९ या काळात बांधला, एकोणीस कमानींचा, आणि त्यावर घरं-दुकानांची दाट वस्ती होती. त्यांच्या भाड्यातून आणि दान मिळालेल्या मिळकतींतून पुलाचा देखभाल निधी उभा राहिला. तो निधी आजही चालू आहे आणि लंडनमधले थेम्सवरचे पाच पूल त्यातून सांभाळले जातात.

पण ती घरं गेली. १७५८ ते १७६२ च्या दरम्यान सगळी पाडली, कारण गाड्यांना जायला रस्ता उरला नव्हता. पॅरिसच्या पुलांवरचीही बहुतेक अठराव्या शतकाच्या शेवटी पाडली. जर्मनीतल्या एरफुर्टचा व्यापाऱ्यांचा पूल मात्र शिल्लक आहे, त्यावर अजून लोक राहतात. व्हेनिसच्या रिआल्तोवर दुकानं आहेत, पण तो १५९१ चा.

तेव्हा फ्लोरेन्सचा पूल वाचला यात दुकानांच्या भाड्यापेक्षा नशिबाचा वाटा मोठा नाही का?

---

कृष्णाकाठ

नशिबाचा वाटा आहेच. पण मी पूर्ण सहमत नाही.

लंडनला थेम्सवर शतकानुशतकं तेवढा एकच पूल होता, वेस्टमिन्स्टरचा पूल १७५० मध्ये झाला. सगळी वाहतूक एका चिंचोळ्या बोळातून. फ्लोरेन्समध्ये तेराव्या शतकातच अर्नोवर आणखी तीन पूल झाले. जड वाहतूक तिकडून वळवता आली, त्यामुळे या पुलावर रस्ता रुंद करण्याचा तगादा कधी तेवढा आला नाही. शिवाय डोक्यावर राजाचा मार्ग. दुकानं पाडायची तर तो मार्ग कशावर उभा राहणार? आणि दुकानांना मालक होते, भाडं मिळत होतं, धंदा तेजीत होता. ज्या इमारतीतून रोज कुणाचं तरी पोट भरतं तिची डागडुजी कुणी तरी करतंच.

तुमच्या लंडनच्या निधीचं उदाहरण खरं तर माझ्याच बाजूचं आहे!

---

सातारी_शिलेदार

१९४४ बद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो.

३ आणि ४ ऑगस्ट १९४४ च्या मधल्या रात्री माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने अर्नोवरचे बाकीचे सगळे पूल उडवले. त्यात आम्मान्नातीने बांधलेला सांता त्रिनिताचा अप्रतिम पूलही गेला. पोंते व्हेक्यो तेवढा ठेवला. पण त्याच्या दोन्ही टोकांच्या गल्ल्यांतल्या मध्ययुगीन इमारती सुरुंगांनी पाडून ढिगाऱ्याने वाट बंद केली. आज पुलाला लागून ज्या साध्या, नव्या धाटणीच्या इमारती दिसतात त्या या विध्वंसानंतरच्या. पूल वाचला हे खरं, पण त्याची किंमत शेजारच्या वस्तीने मोजली.

आपल्या माणसांचा संबंधही सांगायलाच हवा. त्या उन्हाळ्यात फ्लोरेन्सच्या आघाडीवर आठवी भारतीय डिव्हिजन होती आणि तिच्यात मराठा लाइट इन्फंट्रीची पलटण. शहराच्या नैर्ऋत्येला मोंतेगुफोनी नावाचा किल्लेवजा वाडा आहे. उफ्फीत्सी संग्रहालयातली मोलाची चित्रं युद्धकाळात तिथे हलवली होती. जुलैच्या अखेरीस मराठा पलटण त्या वाड्यात मुक्कामाला होती, तेव्हा तिची हकिगत लिहायला आलेल्या एका स्कॉटिश लेखकाच्या आणि बीबीसीच्या वार्ताहराच्या लक्षात आलं की भिंतींना टेकून ठेवलेल्या या चित्रांत बोत्तिचेल्लीचा ‘प्रिमावेरा’ आहे. मग त्या चित्रांवर आपल्या जवानांचा पहारा बसला. जगातल्या सर्वात मोलाच्या चित्रांपैकी काही चित्रं त्या दिवसांत साताऱ्या-रत्नागिरीकडच्या पोरांच्या राखणीत होती.

त्याच इटलीत १० जुलै १९४४ ला माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे धारातीर्थी पडले, आणि ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर नामदेव जाधवांनी पराक्रम गाजवला. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. हे सगळं वाचल्यावर तो देश मला परका वाटत नाही.

---

मृण्मयी_क

अंगावर काटा आला. हे शाळेत का शिकवत नाहीत?

पूल हिटलरच्या हुकमामुळे वाचला असं गाइड सांगत होता. खरं आहे का?

---

बखरीचं_पान

मृण्मयीताई, हिटलर १९३८ मध्ये मुसोलिनीबरोबर फ्लोरेन्सला आला होता, त्याला पूल आवडला आणि म्हणून त्याने वाचवला, ही गोष्ट तिथे सर्रास सांगितली जाते. मला ती एवढ्या सोप्या रूपात पटत नाही. एका माणसाच्या सौंदर्यदृष्टीला श्रेय द्यायचं, आणि त्याच माणसाच्या सैन्याने शेजारच्या गल्ल्या आणि पाच पूल उडवले हे विसरायचं, हा कुठला न्याय?

शहराने ज्याचे आभार मानले तो माणूस वेगळा आहे. जर्मनीचा तिथला वाणिज्यदूत गेऱ्हार्ड वोल्फ. त्याने शहर आणि कलावस्तू वाचाव्यात म्हणून खटपट केली, अटकेतल्या अनेकांना सोडवलं. फ्लोरेन्सने १९५५ मध्ये त्याला मानद नागरिक केलं आणि २००७ मध्ये पुलावर त्याच्या नावाची संगमरवरी पाटी बसवली. पुढच्या वेळी गेलात तर ती शोधा.

सांता त्रिनिताचा पूल १९५८ पर्यंत पुन्हा बांधला, नदीतून काढलेले मूळचे दगड वापरून. त्याच्यावरच्या वसंतऋतूच्या पुतळ्याचं डोकं मात्र १९६१ मध्ये नदीत सापडलं.

---

पाटबंधारे_निवृत्त

१९६६ मध्येही अर्नोला मोठा पूर आला होता. त्याची तारीख बघा, ४ नोव्हेंबर. १३३३ च्या पुराचीही तीच. तारीख योगायोगाने जुळली असेल, पण महिना योगायोगाचा नाही. शरद ऋतूतला पाऊस आणि वरच्या डोंगरांतून एकदम येणारं पाणी हा अर्नोचा स्वभावच आहे.

१९६६ ला शहराच्या काही भागांत पाणी सहा मीटरच्या वर चढलं. पुलावर झाडांचे ओंडके आदळत होते. पाणी दुकानांच्या खिडक्या-दारं फोडून आरपार गेलं. पूल वाचायला हेही एक कारण झालं, कारण पाण्याला भिंत मिळाली नाही, वाट मिळाली. भिंती भरीव असत्या तर सगळा दाब पुलावर आला असता. रात्रीच्या पहारेकऱ्याने सोनारांना वेळेत उठवलं म्हणून काहींनी माल काढून नेला असंही सांगतात.

---

करवीरकर

फ्लोरेन्स आणि अर्नो म्हटल्यावर कोल्हापूरकराला गप्प बसवत नाही.

आमचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) १८७० मध्ये इंग्लंडला गेले होते. परतीच्या प्रवासात आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लोरेन्समध्ये वारले. वय जेमतेम वीस. तेव्हा फ्लोरेन्स इटलीची राजधानी होती. तिथे दहनाची प्रथा नव्हती, तरी नगरपालिकेने खास परवानगी दिली. दहन आपल्या रीतीप्रमाणे संगमावर झालं. पुलाच्या खालच्या अंगाला, शहराच्या पश्चिमेला काशिने नावाचं मोठं उद्यान आहे, त्याच्या टोकाला मुन्योने नदी अर्नोला मिळते, तिथे. १८७४ मध्ये त्या जागी छत्री उभारली, आत महाराजांचा रंगीत अर्धपुतळा आहे.

जवळच १९७० च्या दशकात बांधलेला तारांच्या आधाराचा मोठा पूल आहे. त्याचं नाव ‘पोंते आल्ल’इंदियानो’, म्हणजे त्या भारतीयाचा पूल. फ्लोरेन्सचे लोक रोज त्यावरून कामाला जातात. महाराजांची युरोप प्रवासाची रोजनिशी १८७२ मध्ये लंडनमध्ये छापली गेली.

पोंते व्हेक्यो बघायला जाणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने नदीकाठाने तिथवर जावं, ही माझी हात जोडून विनंती.

---

थेम्सकिनारी

करवीरकर, यावर स्वतंत्र धागा काढाच. रोजनिशीतले उतारे मराठीत आले तर फार मोठं काम होईल.

कृष्णाकाठ, वरचा बंद मार्ग सध्या बघता येतो का?

---

कृष्णाकाठ

करवीरकर, थेम्सकिनारी म्हणतात ते मनावर घ्या. उतारे टंकायला मदत लागली तर मी आहे.

वरचा मार्ग २०१६ पासून बंद होता, डिसेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा लोकांसाठी उघडला. उफ्फीत्सीतून आत शिरायचं आणि पित्तीच्या बागेकडे बाहेर पडायचं. वेळ आधी राखून ठेवावी लागते. २०२४ मध्येच पुलाच्या दगडांची सफाई आणि दुरुस्तीही हाती घेतली होती, ती चालू असेल तर जाल तेव्हा एखादी बाजू झाकलेली दिसू शकते. तसं असलं तर दक्षिण टोकाला मान्नेल्लींच्या बुरुजाखाली उभे राहून वर बघा, आणि मग करवीरकरांनी सांगितलेल्या वाटेने पश्चिमेकडे संगमापर्यंत चालत जा. वाट लांब आहे पण सपाट आहे.